खारपाणपट्टा

खारपाणपट्टा : विदर्भाच्या पश्चिम भागातील पूर्णा नदीच्या खोऱ्यातला, भूजल खारे अथवा मचूळ असलेला ग्रामीण प्रदेश. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला असून त्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे १५० किमी. व क्षेत्रफळ सुमारे ४,७०० चौ. किमी. आहे. भातकुली, दर्यापूर व अंजनगाव सुर्जी (जि. अमरावती); मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, अकोला व बाळापूर (जि. अकोला), शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा व मलकापूर (जि. बुलढाणा) हे या पट्ट्यात पूर्णतः वा अंशतः मोडणारे प्रमुख तालुके होत. त्यांतील सुमारे नऊशे गावे भूजलाच्या खारेपणाने कमीअधिक प्रमाणात बाधित आहेत.

वऱ्हाडाचे पूर्वापार तीन भाग मानले जातात : उत्तरेचा डोंगराळ मेळघाट, दक्षिणेचे बालाघाट पठार व या दोहोंमधील सखल पायनघाट. खारपाणपट्टा म्हणजे या पायनघाटाचा गाभा होय. त्याच्या उत्तरेस सातपुड्याची गाविलगड रांग व दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांची पूर्वेकडे गेलेली शाखा आहे. पूर्वेस अमरावतीनजीकचे पोहरा-चिरोडीचे उंचवटे असून बडनेरा हे रेल्वे प्रस्थानक त्यांच्या पायथ्याशी, अग्निजन्य खडकाच्या भूमीवर वसलेले आहे. बडनेऱ्याहून पश्चिमेस भातकुलीच्या दिशेने निघाल्यास काही किलोमीटरांतच मुरूम संपून खोल काळी माती सुरू होते व विहिरींच्या पाण्याची चव पालटते. भुसावळ-नागपूर लोहमार्ग बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव, नांदुरा व मलकापूर असा या पट्ट्याच्या दक्षिण बाजूने गेलेला आहे. नकाशावर एखादी रेघ पाहिजेच असेल, तर दक्षिण मर्यादेसाठी ही रेघ पुष्कळशी उपयोगी पडते.

पर्जन्याच्या हिशेबाने हा प्रदेश वाळवंटी नव्हे. पश्चिम राजस्थानातील मरुभूमीत वर्षाला ४० सेंमी. हूनही कमी पाऊस पडतो. येथे सरासरी ७० ते ८० सेंमी. पडतो. त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आणि त्यातही मोजक्या दिवसांत कोसळतो. हिवाळा सौम्य व कोरडा, तर उन्हाळा अत्यंत कडक असतो. मे महिन्यात अकोल्याचे तपमान ४५° से. च्या वर जाणे नित्याचे आहे. पावसाळ्यात नजर पोहोचेल तेथवर हिरवा असणारा हा मुलूख मार्चनंतर उघडा, भेगाळलेला व जवळजवळ वृक्षहीन दिसतो. बाभूळ, निंब व बोर एवढीच झाडे बांधाबांधांवर टिकून राहतात. तथापि त्याचे खरे वाळवंटीपण डोळ्यांना दिसणारे नाही, ते जमिनीखाली आहे. पाणी काही मीटरांवर लागते, मुबलकही असते. पण ते माणसाला पिता येत नाही आणि पिकाला देता येत नाही.

भूरचना : पूर्णा नदी मध्य प्रदेशातील बेतूल जिल्ह्यात भैंसदेहीनजीक उगम पावून सातपुड्यातून दक्षिणेस उतरते व मैदानात आल्यावर पश्चिमेकडे वळून जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीस मिळते. उत्तरेकडून चंद्रभागा, शहानूर, वाण या, तर दक्षिणेकडून पेढी, उमा, काटेपूर्णा, मोर्णा, मन व ज्ञानगंगा या नद्या तिला मिळतात. मैदान २५० ते ३५० मी. उंचीचे असून त्याचा उतार इतका मंद आहे, की पावसाचे पाणी शेतांतून वाहून जाण्याऐवजी बराच काळ साचून राहते. याला अपवाद नदीकाठांचा. पूर्णा व तिच्या उपनद्यांनी मऊ गाळात खोल पात्रे कोरली असून त्यांच्या दोन्ही अंगांना घळी पडल्या आहेत.

भूवैज्ञानिक दृष्ट्या हे खोरे दक्खनच्या बेसाल्ट खडकात भ्रंशामुळे निर्माण झालेला एक खोलगट भाग आहे. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी असलेल्या भ्रंशरेषेच्या अलीकडील भूभाग खचला व त्यात नद्यांनी आणलेली चिकणमाती, वाळू व गोटे यांचे थर प्लाइस्टोसीन काळापासून साचत गेले. हा गाळ काही ठिकाणी तीनशे-चारशे मीटरपेक्षाही जाड आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग कठीण खडकाचा व उथळ मातीचा असताना एवढ्या जाडीचा गाळ तापी-पूर्णा खोऱ्याखेरीज राज्यात अन्यत्र क्वचितच आढळतो. याच गाळाच्या मधल्या थरांत क्षार अडकून राहिले आहेत.

हे क्षार आले कोठून, याविषयी एकमत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ए. बी. विन यांनी १८६९ मध्ये पूर्णेच्या खोऱ्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा प्रश्न चर्चेत आहे. प्राचीन काळी येथे समुद्राचा फाटा अथवा खाऱ्या पाण्याचे सरोवर असावे, असे एक मत होते. परंतु गाळाचे स्वरूप नदीजन्य असल्याने समुद्राची कल्पना आता फारशी मानली जात नाही. बेसाल्टच्या विदारणातून सुटणारे सोडियम व अन्य क्षार पाण्याबरोबर या बशीसारख्या खोलगट भागात येत राहिले, निचरा मंद असल्याने ते बाहेर वाहून गेले नाहीत आणि रुक्ष हवामानाच्या कालखंडांत बाष्पीभवनाने ते साठत गेले, हे स्पष्टीकरण सामान्यतः स्वीकारले जाते. बुलढाणा जिल्ह्यातच असलेल्या लोणारच्या खाऱ्या सरोवराशी मात्र याचा संबंध नाही. ते सरोवर अशनिपाताने झालेल्या विवरात असून पूर्णेच्या गाळापासून पुष्कळ दूर, दक्षिणेच्या पठारावर आहे.

खारेपणा सर्वत्र सारखा नसतो. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे व जाड वाळू यांचा एक पट्टा आहे. तेथे डोंगरावरून येणारे पाणी भराभर मुरते आणि भूजल गोड लागते. अंजनगाव सुर्जी, अकोट व अचलपूर या भागांतील संत्र्यांच्या व केळीच्या बागा, पानमळे आणि पानपिंपळीचे मळे या गोड्या पट्ट्यातील होत. तेथून दक्षिणेस दहा-पंधरा किलोमीटरांवर, बहुधा त्याच तालुक्यात, एकही बागायती मळा नसलेली गावे लागतात. नदीनाल्यांच्या काठी पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थर धरून राहते, म्हणून तेथील उथळ विहिरी काही महिने गोड असतात. उपसा वाढला की त्याही मचूळ होतात. एकाच गावच्या दोन विहिरींपैकी एक पिण्यालायक व दुसरी नाही, असेही आढळते. कोणत्या आडाचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत गोड राहील, हे गावातील वडीलधाऱ्या बायांना अचूक माहीत असते. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचे प्रमाण लिटरला ५०० मिग्रॅ. पर्यंत असावे व अन्य स्रोत नसल्यास २,००० मिग्रॅ. पर्यंत चालावे, असे भारतीय मानक आहे. पट्ट्याच्या मध्यभागातील अनेक विहिरी ही दुसरी मर्यादाही ओलांडतात.

मीठ : ज्या पाण्याने आज गावे त्रासली आहेत, त्याच पाण्यावर एके काळी एक व्यवसाय उभा होता. अकोल्याच्या उत्तरेस दहीहंड्याच्या आसपास, पूर्णेच्या दोन्ही काठांवर, शंभर-सव्वाशे फूट खोलीच्या विहिरी खणून त्यांतील खारे पाणी वाफ्यांत आटवून मीठ काढीत. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आल्यानंतर मिठावरील मक्तेदारीच्या धोरणामुळे हे उत्पादन बंद पडले व मुंबईकडील मीठ आगगाडीने येऊ लागले. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वऱ्हाडाने मिठाचा कायदा मोडला, तो याच दहीहंड्याला, खाऱ्या विहिरीचे पाणी आटवून. किनारा नसलेल्या प्रांतात मिठाचा सत्याग्रह कसा झाला, याचे कोडे त्यामुळे उलगडते.

मृदा : येथील काळी जमीन अत्यंत खोल व चिकण असून तिच्यात माँटमोरिलोनाइट गटातील खनिजांचे प्रमाण फार मोठे आहे. ही माती ओली झाली म्हणजे फुगते व वाळली म्हणजे आकसून तिला रुंद भेगा पडतात. तिच्यात चुनखडीचे खडे विखुरलेले असतात. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी या खडूयुक्त मातीचा बारकाईने अभ्यास केला आहे. रुक्ष हवामानात मातीतील कॅल्शियम कार्बोनेटाच्या रूपाने साका होऊन बसते. त्यामुळे मातीच्या कणांना चिकटलेल्या आयनांत कॅल्शियमचा वाटा घटतो व सोडियमचा वाढतो. सोडियम वाढले की कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रे बुजतात व पाणी मुरेनासे होते. अशा मातीस शेतकरी चोपण म्हणतात. सामान्यतः विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांपर्यंत पोहोचेतो जमीन बिघडली असे मानीत नाहीत. पूर्णेच्या मातीत मात्र पाच-सहा टक्क्यांपासूनच निचरा मंदावतो, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय. वरून निरोगी दिसणारे शेत आत कितपत बिघडले आहे, हे नुसत्या डोळ्यांनी ठरविता येत नाही ते यामुळेच. उपाय म्हणून जिप्सम घालतात. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते. परंतु सुटलेले सोडियम वाहून नेण्यास गोडे पाणी व उघडा निचरा, दोन्ही लागतात आणि नेमकी त्यांचीच येथे वाण आहे.

मातीच्या याच गुणाचा लोकांनी घरांसाठी उपयोग करून घेतला. वऱ्हाडातील जुनी घरे मातीच्या भिंतींची व धाब्याची असतात. धाब्यावर दर वर्षी पावसाळ्यापूर्वी खारी माती पसरतात. पहिल्या सरीबरोबर तिची छिद्रे बुजतात व पाणी आत न झिरपता ओघळून जाते. शेतात जो दोष, तोच छपरावर गुण ठरतो. पक्क्या विटांच्या व सिमेंटच्या नव्या घरांना मात्र ही माती व हे पाणी मानवत नाही. भिंतींना तळापासून लोणा लागतो व गिलावा पोपडे धरून गळतो.

लोक व वस्ती : हा प्रदेश प्राचीन काळापासून वसलेला आहे. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक ताम्रपटात भोजकट राज्याचा उल्लेख येतो आणि भातकुली म्हणजेच भोजकट, अशी परंपरा आहे. भातकुलीस दिगंबर जैनांचे प्रसिद्ध क्षेत्रही आहे. बहमनी, इमादशाही, मोगल व निजाम यांच्या राजवटींत पायनघाट हा कापूस व ज्वारी पिकविणारा, चांगला महसूल देणारा सुभा म्हणून नावाजलेला होता. पाण्याच्या अडचणीमुळे वस्ती विरळ राहिली असेल, हा तर्क येथे लागू पडत नाही. कोरडवाहू शेतीला विहिरीची गरज नव्हती आणि काळी जमीन मोठे पोट भरू शकत होती.

गावे एकवट व बऱ्यापैकी मोठी असून एकमेकांपासून दूर आहेत. विखुरलेल्या वाड्या-वस्त्या जवळजवळ नाहीत. पश्चिम महाराष्ट्रात विहीर-बागायतीमुळे शेतकरी मळ्यात राहावयास जातो. येथे मळाच नाही, तर मळ्यातली वस्ती कोठून येणार? गावठाण बहुधा पांढरीच्या उंचवट्यावर असते, कारण पावसाळ्यात काळ्या चिखलातून दोन पावले टाकणेही कठीण होते. मोठी गावे पूर्णा, पेढी, चंद्रभागा व शहानूर यांच्या काठी आहेत. नदीच्या पात्रातील झिरे हाच अनेक पिढ्यांचा गोड्या पाण्याचा आधार होता. त्याची किंमत महापुरात चुकवावी लागे. कुणबी, माळी, कोळी, धनगर, बौद्ध व मुसलमान हे समाज बहुसंख्य गावांत आढळतात. नदीकाठी कोळ्यांची वस्ती लक्षणीय आहे. बोली वऱ्हाडी.

जनगणनेत खारपाणपट्टा हे स्वतंत्र एकक नाही. ज्या सीमेने लोकांचे जीवन खरोखर बदलते ती पाण्याची सीमा तालुक्यांच्या मधून जाते व तालुक्याच्या आकड्यांत ती बुजून जाते. अंजनगाव सुर्जी तालुक्याची सरासरी काढली, तर उत्तरेकडचा बागाइतदार व दक्षिणेकडचा कोरडवाहू शेतकरी दोघेही त्यात सारखेच दिसतात. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८,८८,४४५, अकोल्याची १८,१३,९०६ व बुलढाण्याची २५,८६,२५८ होती. लोकसंख्येची घनता दर चौ. किमी. स अनुक्रमे २३७, ३२० व २६८ होती. अकोल्याच्या घनतेत अकोला शहराचा वाटा मोठा आहे, तर अमरावतीची घनता मेळघाटातील अरण्यांमुळे कमी दिसते. साक्षरता अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांत सुमारे ८७ ते ८८ टक्के होती. शिक्षणात हा प्रदेश मागे नाही, ही गोष्ट पुढे दिलेल्या स्थलांतराचा विचार करताना ध्यानात घ्यावी लागते.

लोकसंख्येच्या इतिहासातील सर्वांत मोठी घसरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. वऱ्हाड प्रांताची लोकसंख्या १८९१ मध्ये २८,९७,४९१ होती. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर ती १९०१ मध्ये २७,५४,०१६ भरली. कापसाच्या पैशावर जगणाऱ्या या संपन्न समजल्या गेलेल्या प्रांताची दहा वर्षांत सुमारे पाच टक्के घट झाली. घरात पैसा असला तरी पाऊस चुकल्यावर विहिरीचा आधार नाही, ही खोऱ्यातील स्थिती त्या काळातही आजच्यासारखीच होती.

दुष्काळाच्या याच पिढीत या मातीतून गाडगे महाराज पुढे आले. त्यांचा जन्म १८७६ मध्ये शेंडगाव (ता. अंजनगाव सुर्जी) येथे झाला व बालपण दापुरा (ता. मूर्तिजापूर) येथे मामाच्या घरी शेतीकामात गेले. पूर्णाकाठच्या ऋणमोचन (ता. भातकुली) येथे त्यांनी घाट बांधविला; पौषातील रविवारी तेथे यात्रा भरते. १९५६ च्या डिसेंबरात पेढी नदीजवळ वलगावनजीक त्यांचे निधन झाले. जन्मापासून अखेरपर्यंतच्या या सर्व जागा एकमेकींपासून एका दिवसाच्या बैलगाडीच्या टप्प्यात आहेत. शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्रातील, अकोट तालुक्यातील अकोली येथील कोरड्या विहिरीस पाणी आल्याची कथाही सर्वश्रुत आहे. संतचरित्रातील चमत्कार विहिरीच्या पाण्याचा असावा, यात या भूभागाची नड उमटली आहे.

शेती : खरिपात कापूस, ज्वारी, तूर, मूग व उडीद आणि रब्बीत हरभरा व करडई ही परंपरागत पिके होत. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सोयाबीनने ज्वारीची बरीच जागा घेतली. जुनी पीकपद्धती मातीच्या स्वभावाशी जुळलेली होती. देशी कापसाची व तुरीची मुळे खोल जातात. मुगाचे पीक लवकर निघाल्यावर शेत वखरून ओल धरून ठेवतात व पाऊस संपताच त्या ओलीवर हरभरा पेरतात. एकही पाणी न देता येणारा हा हरभरा खाऱ्या पट्ट्याचे वैशिष्ट्य असून दर्यापूर भागात त्याचे क्षेत्र मोठे आहे. मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस कमी पडला, तर भेगा लवकर पडून ओल उडते व पीक घाट्यावर येण्यापूर्वीच वाळते. या वेळी दिलेले एकच पाणी पीक वाचविते. त्या एका पाण्यासाठी कूपनलिका खणण्याचा मोह त्यामुळे अनिवार होतो.

मचूळ पाण्याच्या कूपनलिकेवर तुषार सिंचन केल्यास पहिली एकदोन वर्षे उत्पन्न खरोखरच वाढते. नंतर पृष्ठभागावर पांढरा थर दिसू लागतो, पावसाचे पाणी शेतात साचून राहते व उगवण विरळ होते. तोवर जमीन चोपण झालेली असते. हा तोटा त्या शेतकऱ्याच्या अज्ञानाचा नव्हे. कर्जाचा हप्ता याच हंगामात फेडावयाचा असतो आणि जमीन बिघडते ती पुढल्या हंगामांत. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६९) या जमिनींसाठी उताराला आडवी पेरणी, सरी-वरंबे, निचऱ्याचे चर, जिप्समचा वापर व शेततळी यांची शिफारस केली आहे. यांपैकी शेततळे सर्वांत लोकप्रिय ठरले. इतर ठिकाणी तळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर लावावे लागते. येथे मातीच इतकी अपार्य आहे, की अस्तराची बहुधा गरज पडत नाही. ३० × ३० × ३ मी. आकाराच्या तळ्यात, काठांना पुरेसा उतार ठेवल्यास, सुमारे २,२०० घन मी. पाणी मावते. बाष्पीभवनाची तूट वजा जाता दोन-तीन हेक्टर हरभऱ्यास एक संरक्षक पाणी तुषार संचाने देता येते. तळे याहून फार खोल खणणे मात्र उथळ भूजलाच्या गावांत धोक्याचे असते. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबविलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात दुष्काळप्रवण गावांबरोबर पूर्णा खोऱ्यातील ९३२ खारपाणग्रस्त गावांचाही समावेश करण्यात आला. शासकीय योजनेत हा पट्टा वेगळा ओळखला जाण्याचे हे एक मोठे उदाहरण होय.

मोठ्या सिंचनाविषयी मतभेद तीव्र आहेत. पेढीवरील निम्न पेढी प्रकल्प आणि अकोला जिल्ह्यातील नेर-धामणा, घुंगशी, उमा व काटेपूर्णा येथील बंधारे यांच्याद्वारे पृष्ठभागावरचे गोडे पाणी अडवून खाऱ्या पट्ट्याला देण्याची योजना आहे. पूर्व विदर्भाचे पाणी पश्चिमेस आणणाऱ्या वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पास राज्य शासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांनी बागायती केली, तर आम्हीच कोरडवाहू का राहावे, हा खाऱ्या गावांचा प्रश्न न्याय्य आहे. परंतु निचरा न होणाऱ्या मातीत कालव्याने मोकाट पाणी सोडल्यास भूजलाची पातळी चढते व खोलवरचे क्षार मुळांपर्यंत येतात. पंजाब-हरयाणातील व नीरेच्या कालव्यांवरील अनुभव याची साक्ष देतो. बंद नलिकांतून, मोजून व फक्त संरक्षक पाणी दिल्यास आणि त्याआधी निचऱ्याचे चर खणल्यास हा धोका पुष्कळ कमी होतो. प्रकल्पांच्या अंदाजपत्रकांत धरणाला व कालव्याला जेवढे स्थान मिळते तेवढे चरांना मिळत नाही, ही खरी अडचण आहे.

पिण्याचे पाणी व आरोग्य : मचूळ पाण्यात साबणाला फेस येत नाही व तुरीचे वरण शिजत नाही. म्हणून स्वयंपाकासाठी व पिण्यासाठी वेगळे आणि धुण्या-वापरण्यासाठी वेगळे, असे पाण्याचे दोन हंडे घरोघरी असतात. गोडे पाणी आणण्याचे काम स्त्रियांचे. सोयरीक जुळविताना शेतीबरोबरच गावच्या पाण्याचीही चौकशी होते. सातपुड्यातील व दक्षिण पठाराकडील धरणांवरून आणलेल्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनांनी या स्थितीत मोठा बदल घडविला. वाण प्रकल्पावरील ८४ खेडी योजना अकोट-तेल्हारा भागास, काटेपूर्णा धरणावरील ६४ खेडी योजना अकोला भागास व शहानूर धरणावरील योजना अंजनगाव-दर्यापूर भागास गोडे पाणी पुरविते. नळ मात्र रोज येत नाही. योजनेच्या टोकाच्या गावांत दोन पुरवठ्यांतील अंतर उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवसांवर जाते, नलिका फुटतात, वीजदेयक थकते. तेव्हा लोक पुन्हा हातपंपाकडे वळतात. शुद्धीकरण यंत्रे बसविलेल्या गावांत कॅनने पाणी विकत घेण्याची चालही रुजली आहे.

मुतखडा व मूत्रपिंडाचे विकार यांचे प्रमाण या पट्ट्यात, विशेषतः संग्रामपूर, जळगाव जामोद व शेगाव तालुक्यांत, मोठे असल्याची तक्रार अनेक वर्षांची आहे. लोक त्याचे कारण खारे पाणी हेच मानतात. वैद्यकाच्या दृष्टीने क्षारांबरोबरच तीव्र उन्हात कमी पाणी पिऊन केलेले श्रम, वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक व उपचारांविना राहिलेला रक्तदाब यांचाही विचार करावा लागतो. पण उन्हात राबणारा माणूस पाणी कमी का पितो, याचे उत्तर त्या पाण्याच्या चवीतच असल्याने ही दोन कारणे एकमेकांपासून फारशी दूर नाहीत.

दळणवळण व स्थलांतर : ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली, त्यानंतर अल्पावधीतच बडनेरा-अमरावती हा फाटा झाला. खारपाणपट्ट्याचा कापूस बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला व शेगाव येथील सरकी काढण्याच्या व गाठी बांधण्याच्या कारखान्यांत येऊ लागला व ही गावे बाजारपेठा बनली. जुन्या वस्तीचे बडनेरा व स्टेशनाभोवतीचे नव्या वस्तीचे बडनेरा असे तेथे दोन भाग पडले. १९८३ मध्ये अमरावती महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा बडनेरा तिच्यात समाविष्ट झाले. भातकुली-दर्यापूरकडून येणाऱ्या तरुणास पुण्या-मुंबईची गाडी येथेच मिळते. पूर्वी दुष्काळात मजूर गाव सोडीत. आता मुख्यतः शिकलेला, थोडी जमीन असलेला वर्ग बाहेर पडतो व गावात वृद्ध आणि भूमिहीन मागे राहतात. शेती बटाईने दिली जाते. बटाईदारास एका वर्षाचीच हमी असल्यामुळे चर खणणे वा जिप्सम टाकणे त्याला परवडत नाही.

पट्ट्याच्या पोटातून जाणारा एक लोहमार्ग म्हणजे मूर्तिजापूर-अचलपूर हा ७६ किमी. लांबीचा अरुंदमापी मार्ग होय. किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो कापसासाठी बांधण्यात आला व पुढे शकुंतला या नावाने ओळखला जाऊ लागला. १९९४ पर्यंत तीवर वाफेचे एंजिन चालत असे. दर्यापूर व अंजनगावच्या बाजारास, शाळेस व दवाखान्यास जाण्याचे ते सर्वांत स्वस्त साधन होते. पावसाळ्यात काळ्या मातीचे रस्ते बंद पडत तेव्हा तर एकमेव. गाडी बंद झाल्यापासून ही वाहतूक सर्वस्वी रस्त्यांवर आली आहे. रस्तेही याच फुगणाऱ्या व आकसणाऱ्या मातीवर बांधलेले असल्याने दर दोन-तीन पावसाळ्यांत खचतात.